तीनदा पडलेली गाडी

घोलप बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात करायच्या तेव्हा गाडी कोणती येतेय हे बघत नसत. तिला चाकं असली की पुरे. दुधाचा टेम्पो, पाण्याचा टँकर, बँजोवाल्यांची गाडी, एकदा तर शेळ्यांनी भरलेली पिकअप. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी त्या जेसीबीतून उतरल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. खाली उतरून त्यांनी साडी झटकली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नवे सर का? जेवले का? न्हाई? मग आदी जेवा. रुजू काय, दुपारी बी होता येतंय."

पाटोद्याहून फाट्यापर्यंत एसटी यायची. फाट्यापासून आत गावापर्यंत डोंगराच्या अंगानं चढत जाणारी एक वाट होती, तिला रस्ता म्हणायची पद्धत होती. शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची. मुख्याध्यापिका घोलप बाई आणि हाताखाली मी. मी लातूरकडचा, गावातच खोली घेऊन राहिलेला. बाई पाटोद्याहून रोज अशाच हात करत यायच्या. पन्नाशी ओलांडलेली होती. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही. त्यांचं बोलणं ऐकून समोरचे हसायचे, आणि बाई त्यांच्याकडे 'काय झालं?' अशा नजरेनं बघत राहायच्या.

भानगड झाली ती खडीवरून. गावात आबा म्हणून एक पुढारी होते. दोन ट्रॅक्टर, एक जीप, पांढरे कडक कपडे आणि कुठल्या तरी रस्त्याच्या कामाचं कंत्राट. त्या कामाची खडी त्यांनी शाळेच्या मैदानावर आणून टाकली. मैदान लहान आणि ढीग मोठा, त्यामुळे मुलांनी खेळायचं कुठं हा प्रश्न आला. बाईंनी आबांना दोनदा घरी जाऊन सांगितलं. आबा दोन्ही वेळा चहा पाजून "बघू की" म्हणाले. मग ग्रामसभेत बाई उभ्या राहिल्या.

"आबा, खडी उचला. न्हाईतर उद्यापासून पोरं तुमच्या अंगणात खेळायला आणते. तिथं जागा बी लई हाय आन सावली बी."

सगळी सभा हसली. आबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बाईंसाठी गाड्या थांबेनाशा झाल्या. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, असं सगळेच सांगत होते. दुधाचा टेम्पोवाला फाट्यापाशी आला की उजवीकडच्या डोंगराकडे बघायचा. टँकरवाल्याचे ब्रेक लागत नव्हते. बाई चढ चालत यायला लागल्या. उन्हाळा तोंडावर आलेला. वर्गात आल्या की तांब्याभर पाणी प्यायच्या आणि पाढे घ्यायला सुरुवात करायच्या. एकदा मी गावाबाहेर फिरायला गेलो तेव्हा त्या चढाच्या मध्यावर पुलाच्या कठड्यावर बसलेल्या दिसल्या. चप्पल काढून टाच चोळत होत्या. मला बघून त्यांनी चप्पल घातली आणि चालू लागल्या. मीही त्यांच्या मागून शाळेकडे वळलो.

"बदली मागून घ्या," असं गावातलीच चार माणसं त्यांना आडून सुचवत होती. मीही एकदा भीतभीत विषय काढला. बाई म्हणाल्या, "खडी आबानं टाकली. आन जाऊ मी? कावून?" मग फळा पुसता पुसता म्हणाल्या, "सर, तुमाला मोटारसायकल चालवता येती का?"

"येते थोडीफार."

"मग रविवारी चला. घ्यायची हाय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तुमच्यासाठी कावून घिऊ?"

मी म्हटलं, बाई, स्कूटी बघू, गिअरचं लफडं नसतं. बाई म्हणाल्या, "स्कूटीची चाकं बगितली का? वाटीयेवढी. आपल्या रस्त्यावरचे खड्डे बगितले का? परातीयेवढे." मग नवी घ्या म्हटलं, हप्त्यानं मिळते. त्यालाही त्यांचं उत्तर तयार होतं. "मी शिकणार म्हणल्यावर गाडी पडणारच. नवी पडली तर जीव तुटंल. जुनी आदीच पडलेली असती."

त्यांचे मिस्टर एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दोन चाकांच्या वाहनावर त्यांचा विश्वास नव्हता. ते एवढंच म्हणाले, "मी त्याच्यावर बसणार न्हाई." बाई म्हणाल्या, "तुमाला बसा म्हणलं कोण?" घरची परवानगी ही अशी झाली.

त्यानंतरचे काही रविवार आम्ही जुन्या गाड्या बघत हिंडलो. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून तयार होऊन जायचो. टायर बघायचे, चेन बघायची, धूर कोणत्या रंगाचा निघतो ते बघायचं, इंजिन थंड असताना चालू करून बघायचं. गाडी घेणाऱ्या बाई आहेत हे एकाही विकणाऱ्याच्या पचनी पडत नव्हतं. बाई प्रश्न विचारायच्या आणि तो उत्तर मला द्यायचा. पहिल्या गाडीचा मालक म्हणाला, "सायेब, एका मास्तरची गाडी हाय. फक्त शाळंला जायची आन यायची, बाकी कुटं न्हाई." आमच्या भागातली प्रत्येक जुनी गाडी कुठल्या तरी मास्तरची असते आणि ती फक्त शाळेत गेलेली असते.

बाई त्याला म्हणाल्या, "मी बी मास्तरीणच हाय. शाळंचे रस्ते म्या बगितलेत. मग नगंच ही."

दुसरी गाडी एका कापड दुकानाच्या मागं उभी होती. पहिल्याच किकला चालू झाली. मी खूश झालो. बाईंनी इंजिनावर हात ठेवला, वर्गात एखाद्या मुलाच्या कपाळावर ठेवायच्या तसाच, आणि झटकन काढून घेतला. "हिला ताप हाय," त्या म्हणाल्या. "आमी यायच्या आदी हिला कुणी पळवली?" मालक माझ्याकडे बघून म्हणाला की गाडी उन्हात होती. गाडी सावलीत होती. आम्ही परत आलो.

प्रत्येक ठिकाणी बाई एक प्रश्न हमखास विचारायच्या. "ही किती डाव पडली?" आणि प्रत्येक मालक छातीवर हात ठेवून सांगायचा, एकदाबी न्हाई. शेवटी लिंबागणेशला एका पिठाच्या गिरणीवाल्याकडे गेलो. माणूस डोक्यापासून भुवयांपर्यंत पिठात. गाडी जुनाट, एका बाजूचा आरसा गायब, सीटला रिक्षाच्या टपाचं कापड शिवलेलं. बाईंनी प्रश्न विचारला. गिरणीवाल्यानं कपाळावरचं पीठ पुसलं आणि प्रथमच कुणीतरी बाईंकडे बघून उत्तर दिलं.

"तीनदा. दोनदा माझ्यामुळं. एकदा म्हशीमुळं."

"म्हशीला काय झालं?"

"म्हस उटून गेली. मी पडून होतो."

"हीच घ्यायची," बाई मला म्हणाल्या. मी टायरकडे बोट दाखवत होतो, पण तोपर्यंत व्यवहार झाला होता.

शिकण्यासाठी मोकळी जागा म्हणजे शाळेचं मैदान, आणि मैदानाच्या मधोमध खडीचा ढीग. शाळा सुटली की बाई त्या ढिगाभोवती पहिल्या गिअरमध्ये चकरा मारायच्या आणि मी मागून पळायचो. साडीची अडचण व्हायला लागली तशा त्या पंजाबी ड्रेसवर आल्या. बाईमाणसानं मोटारसायकल चालवावी की नाही यावर गावात जेवढी चर्चा झाली त्याच्या दुप्पट त्या ड्रेसवर झाली. बाई दोनचारदा खडीत गेल्या. एकदा चांगल्याच आपटल्या, कोपर सोलवटलं. मी धावलो. त्या खडीतच बसून चेन बघत होत्या. "सर, हे क्लच म्हणजे थोरल्या जावंसारखं हाय," त्या म्हणाल्या. "एकदम सोडायचं न्हाई."

लायसन्स काढायच्या जागी खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मॅडम, विदाउट गिअर ना?" बाई म्हणाल्या, "गिअरला पैसे मोजलेत. विदाउट कावून?"

पावसाळा सरता सरता बाई गाडीवर फाट्यापासून वर एकट्या यायला लागल्या. आणि तेव्हाच ती गोष्ट घडली, जिच्यामुळे त्यांचं नाव तालुक्यात झालं. एका सकाळी आबांची जीप चढाच्या मध्यावर बंद पडली. आबा रस्त्यात उभे, पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला घाम. खालून बाईंची गाडी आली. आबांनी हात केला. बाई त्यांच्यासमोरून सरळ वर निघून गेल्या.

दहा वाजेपर्यंत गावात सगळ्यांना कळलं. कुणी म्हणालं, बाईंनी उट्टं काढलं. कुणी म्हणालं, आता शाळेचं काही खरं नाही. मी दर तासाला दारात जाऊन आबा येतात का ते बघत होतो. बाई मात्र शांतपणे तिसरीचा गृहपाठ तपासत होत्या.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले. खुर्चीत बसले, टोपी काढली, परत घातली.

"बाई, काल म्या हात केला."

"बगितला की."

"तुमी थांबल्या न्हाईत."

"मला चढावर थांबून परत गाडी काढता येत न्हाई, आबा. थांबले असते तर तुमी आन मी, दोगं बी मागं घसरत फाट्यावर गेलो असतो."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कारण ते खरंच होतं. आम्ही ज्या मैदानावर शिकलो होतो तिथं चढ नव्हता.

"खरंच का?" आबा म्हणाले.

"खोटं कावून बोलू? तुमी काय शिक्षणाधिकारी हाय?"

आबांनी टोपी नीट केली. मग उठले. "चला," म्हणाले. "गाडी घ्या."

त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगितलं तर आमच्याकडे अजून कुणाला खरं वाटत नाही. आबा चढावर बाईंच्या शेजारी उभे राहून स्वतः शिकवत होते. तरुणपणी ते बुलेट उडवायचे म्हणे. "पायाचा ब्रेक दाबून धरा. क्लच निम्मा सोडा. गाडी वढाया लागली असं वाटलं की मंग ब्रेक सोडा. आत्ता न्हाई! आता. हां." गाव रस्त्याच्या कडेला जमलेलं. गाडी दोनदा मागं आली, आबांनी दोनदा कॅरिअर धरून थोपवली, पांढरा पायजमा काळा झाला. तिसऱ्यांदा गाडी थरथरली आणि वर निघाली. वरून वळून आल्यावर बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं, "आन खडी?"

"आदी क्लचकडं ध्यान द्या," आबा म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मैदान मोकळं होतं. थोडी खडी चढावरच्या खड्ड्यांत दिसली, बाकीची कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. बाईंची आणि आबांची दोस्ती वगैरे झाली नाही. पुढं शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून ते पुन्हा भांडलेच. फरक एवढाच पडला की टेम्पोवाले फाट्यावर बाईंना बघून ब्रेक मारायला लागले आणि बाई त्यांना हातानं 'जा पुढं' म्हणायच्या.

मला नंतर माझ्या जिल्ह्यात बदली मिळाली. बाई निवृत्त झाल्या. सणासुदीला फोन व्हायचा. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. काही दिवस अंगात ताप राहिला, बीडला दवाखान्यात नेलं, तिथंच गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला होता, तेच आमचं शेवटचं बोलणं.

"सर, घाटनांदूरला जाऊन आले. गाडीवर."

मी घाबरलोच. मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, एवढं लांब, या वयात? "काय काम निघालं, बाई?"

"काम काय? माहेर हाय माझं."

इतकी वर्षं एकत्र काढली, पण हे मला माहीत नव्हतं.

"लग्न झाल्यापासून माहेराला गेले ती कुणी न्यायला आलं म्हणून," बाई सांगत होत्या. "आदी भाऊ यायचा. मंग हे सोडायचे. मंग पोरगं सोडायचं. आन निघाले ती बी सोबतच्याला घाई झाली म्हणून. किती डाव चहा निम्मा ठिवून उटलेय. ह्या डावाला दारात गाडी लावली, तर भाऊ बाहेर आला. थकलाय आता. माझ्या मागं बगाया लागला. म्हणला, आक्का, संगं कोण आलंय?"

"मग?"

"म्हणलं, कुणी न्हाई."

फोनवर बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

"मंग काय, बसलो. भावजयीनं शेंगा भाजल्या. चहा झाला, परत झाला. दिवस मावळला तरी कुणी चला म्हणंना. मंग राहिले. दुसऱ्या दिशी बी राहिले. भावासंगं रानात जाऊन आले, आईनं लावलेलं लिंबाचं झाड बगितलं. चौथ्या दिशी सकाळी मला वाटलं, आता निघावं. तवा निघाले."