पलीकडच्यांचा रकाना

माझ्या बायकोच्या काकांइतका दिलेल्या शब्दाला जपणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा नसेल, आणि तो शब्द त्यांनी स्वतःच दिलेला असावा अशी अटही नसे. आयात मालावर अमुक टक्क्यांच्या वर कर लावणार नाही, असं देश एकमेकांना कबूल करतात. तो बांधील दर. प्रत्यक्षात कर त्याहून कमीही घेतात. तो लागू दर. हे मला एका लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी असताना समजावण्यात आलं. काका अर्थशास्त्राचे निवृत्त मास्तर. तांदळाचे आपले आणि समुद्रापलीकडच्या एका देशाचे बांधील दर वर्षावर्षाने शेजारी शेजारी मांडणं, हा त्यांचा उद्योग. त्या देशाचं नाव ते घेत नसत. भावकीतल्या अबोल्यात म्हणतात तसं "पलीकडचे" म्हणत. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आखलेले तक्ते घरभर टांगलेले. मधुमेह निघाला तेव्हा काकूंना म्हणाले, "डॉक्टरांना मी एका चमच्याची मर्यादा कबूल केलीय. लागू दर तू ठरव." काकूंनी तो शून्यावर ठेवला.

तक्ता घरात राहिला असता तर बरं होतं. पण काका तो गुंडाळून जीपने दाभोसा, जामसर, साखरशेत करत. कुणाच्याही पडवीत खिळ्याला अडकवून सांगत, "पलीकडचे स्वतःची मर्यादा दर वर्षी खाली आणतायत. उद्या आपणही आणू, मग बाहेरचा स्वस्त तांदूळ येईल. नुसत्या भाताच्या भरवशावर राहू नका, नाचणी सोडू नका." लोक चहा देत आणि मान डोलावत.

गेल्या वर्षी मोतीबिंदूमुळे त्यांना आकडे दिसेनात, म्हणून तक्ता नव्याने उतरवायला मी बसलो. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले मूळ दरांचे कागद लावून पाहिले आणि हात थांबला. गेली सहा वर्षं पलीकडच्यांच्या रकान्यात काकांनी लागू दर भरला होता. बांधील दर तसूभर हलला नव्हता. मी दोन दिवस गप्प बसलो. मग सांगितलं.

ते भिंग घेऊन बराच वेळ बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

"काका, कुणाच्या लक्षात असणार आहे?" मी म्हणालो.

"माझ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने निघालो. प्रत्येक पडवीत तोच खिळा, तोच तक्ता आणि एकच वाक्य, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." सत्तरीतल्या माणसाला हे घरोघर म्हणताना पाहणं मला जड गेलं. साखरशेतला एक म्हातारी नाचणी पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, त्या दराचा आमाला तवाबी काय नाय समजला," ती म्हणाली. "पन चुकलू सांगाया कोनी इतक्या लांब येत नाय."

तिने शेरभर नाचणी बांधून दिली. परतताना ती मांडीवर धरून काकांनी विचारलं, "तू दोन दिवस का थांबलास?"

ऑपरेशन झालं, तरी बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत. दर रविवारी मी कागद वाचतो आणि ते डोळे मिटून ऐकतात. मी एखादा रकाना चुकवला तरी आता त्यांना कळणार नाही. म्हणून प्रत्येक आकडा मी दोनदा वाचतो.