पायरीवरचा चहा

प्रिय निनाद आणि तन्वी,

परवा फोनवर निनाद म्हणाला की तिकडे ऑकलंडला तो दर शनिवारी कुणाच्या तरी शिडाच्या बोटीवर शर्यतीला जातो, आणि आता क्लबचे लोक म्हणताहेत की क्रू म्हणून बसायचं तर क्लबचं सभासद झालंच पाहिजे. "आजी, हे बरोबर आहे का गं?" त्याने विचारलं आणि मी हसत सुटले. त्याला वाटलं लाइन खराब आहे. पण बाळांनो, हाच प्रश्न आपल्या नौपाड्याच्या घरात एक अख्खा हिवाळा गाजला होता आणि त्यापायी दोन मावसभाऊ एकमेकांशी बोलेनासे होता होता राहिले. त्यातले एक तुमचे आजोबा. दुसरे त्यांचे धाकटे मावसभाऊ, माझे भावोजी. फोनवर मला काही क्रमाने सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत भावोजींइतका पाण्यात राहणारा माणूस झाला नाही, मासे धरूनसुद्धा. तसे ते डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहत आणि एका रंगाच्या कारखान्यात नोकरी करत. पण हे सगळं ते रविवार उजाडेपर्यंत वेळ काढायला करत, असं माझं प्रामाणिक मत आहे. रविवारी ते ठाण्याच्या खाडीकाठी येत. तिथे एका लहानशा क्लबात त्यांची दोन माणसांची शिडाची बोट होती. कारखान्यात उरलेले रंग तिला लावल्यामुळे ती एका बाजूने हिरवी आणि दुसऱ्या बाजूने करडी होती, आणि लांबून बघणाऱ्याला जाताना एक बोट गेली आणि येताना दुसरीच आली असं वाटे. उरलेले सहा दिवस ते नुसता वारा बघत. त्यासाठी समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे त्यांना पुरत. नऊवारी हलली तर वारा चांगला, रुमाल हलला तर नुसता भास, असा त्यांचा हिशेब. एकदा समोरच्या बाईंनी वैतागून विचारलं, "काय हो, काही हवंय का?" त्यावर भावोजी शांतपणे म्हणाले, "ती निळी साडी जरा वरच्या दोरीवर टाकाल का? खाली आडोसा येतो." गंमत म्हणजे त्या बाईंनी टाकली. पुढे तर त्या बाईच रोज सकाळी गॅलरीतून ओरडून सांगत, "आज पश्चिमेचा आहे हो!"

बोटीत एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने शिडाची दोरी सांभाळत, वारा वाढला की बाहेरच्या बाजूला अंग झोकून तोल राखायचा. हा दुसरा म्हणजे क्रू, आणि भावोजींचा क्रू म्हणजे तुमचे आजोबा. त्यांची निवड निव्वळ वजनावर झाली होती. शुक्रवारी रात्री फोन यायचा, "वहिनी, परवा वारा जोरात आहे, दादाला भात वाढा." वारा पडलेला असेल तर, "दादाला दोन दिवस ताकावर ठेवा." म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचा कारभार हवामान खात्याकडे गेला होता. ही सवय जमिनीवरही सुटत नसे. स्टेशनच्या वळणावर रिक्षा वळली की भावोजी ओरडत, "दादा, बाहेर!" आणि हे दोन वजनदार गृहस्थ एका बाजूने अर्धं अंग रिक्षाबाहेर काढत. एक रिक्षावाला घाबरून म्हणाला, "ओ काका, पडाल ना! रिक्षा हाय ही, होडी नाय!" भावोजी म्हणाले, "तोल सगळ्यांनाच लागतो रे."

आता त्यांचा सर्वांत मोठा गुण सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शर्यतीचा मार्ग दाखवायला खाडीत नांगरलेली पिंपं असत. बोट पिंपाला घासली तर तुम्ही स्वतः हात वर करून ते सांगायचं आणि त्या पिंपाला पुन्हा एक फेरी मारायची. पंच बघो किंवा न बघो. बहुतेकांना घासलेलं कळत नसे. भावोजींना नेहमी कळे. दिवाळीनंतरची खाडीच्या मुखापर्यंतची मोठी शर्यत त्यांना आयुष्यात एकदा जिंकायची होती. एका वर्षी ते पहिले असताना शेवटच्या पिंपाला बोटीची शेपटी निसटती लागली. पंचांनी पाहिलं नाही, आजोबांनीही नाही. भावोजींनी हात वर केला, फेरी मारली आणि चौथे आले. मी म्हटलं, "भावोजी, कुणीच पाहिलं नव्हतं ना?" म्हणाले, "पिंपाने पाहिलं ना, वहिनी." आमच्याकडे गणपतीत नैवेद्याआधी मोदक तोंडात टाकला तरी ते असाच हात वर करत.

तर क्लबाची रीत अशी होती की शर्यत संपली की सभासद हॉलमध्ये जाऊन खुर्च्यांवर चहा घेत, आणि सभासद नसलेले क्रू बाहेर खाडीकडे उतरणाऱ्या तीन दगडी पायऱ्यांवर बसत. भावोजींना हे फार लागे. "बोट उलटली तर दोघं बुडणार, आणि चहाला एक आत नि एक बाहेर? दादा पायरीवर बसतो आणि मला आत घास उतरत नाही." म्हणून त्यांनी ठराव आणायचा ठरवला: शर्यतीत उतरणारा प्रत्येक क्रू सभासद असलाच पाहिजे. क्लबाचं कामकाज इंग्रजीत चाले, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी तो नीट करून दिला आणि विचारलं, "यांना विचारलंत का?" ते म्हणाले, "दादाला काय विचारायचं? दादासाठीच तर आहे!"

सभेच्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते, आणि हॉलच्या खिडक्या उघड्या असल्याने पायरीवर सगळं ऐकू येत होतं. भावोजी अर्धा तास बोलले. समता, बंधुता, एकच पाणी. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताचं कारण मात्र वेगळं होतं. सेक्रेटरी उठून म्हणाले, "उत्तम! बाहेरची माणसं चिखलाचे पाय घेऊन आत मोरीवर येतात, ते एकदाचं बंद होईल." भावोजींनी ज्यांना आत आणायला दार उघडलं, त्यांना बाहेर ठेवायला इतरांनी तेच दार लावून घेतलं.

संध्याकाळी ते आमच्याकडे सभासदत्वाचा अर्ज आणि पेढे घेऊन आले. तुमचे आजोबा पेढा खाऊन म्हणाले, "मी नाही होणार सभासद."

"म्हणजे? अरे दादा, तुझ्यासाठी भांडलो मी!"

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? मानाने आत बसशील."

"मला पोहता येत नाही," आजोबा म्हणाले. "पाण्याची भीती वाटते, अजून वाटते. तरी येतो, कारण रविवारी तू हाक मारतोस. मी तुझ्या बोटीत बसतो रे, क्लबात नाही. भावाच्या हाकेला आता सही लागणार असेल, तर राहू दे."

भावोजी पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून निघून गेले. चप्पल घालताना नेहमीचं "येतो वहिनी" पण म्हणाले नाहीत.

शुक्रवारचा फोन थांबला. यांना भात वाढायचा की ताक, हे मला कळेना. मोठी शर्यत जवळ आली होती. भावोजींनी सभासदांपैकी एका दंतवैद्यांना क्रू म्हणून घेतलं. ते सज्जन होते पण काडीपैलवान. पहिल्याच झोतात बोट आडवी झाली आणि डॉक्टर चष्म्यासकट चिखलात रुतले. कोळीवाड्यातले नाखवा, जे बोटींची राखण करत, त्यांनी दोघांना ओढून काढलं आणि म्हणाले, "साहेब, ह्यांना परत नेऊ नका. ह्यांना वाराच घेऊन जाईल."

शर्यतीच्या सकाळी आजोबा आपणहून कपडे घालून तयार झाले. "बघायला तर जाऊ," म्हणाले. आम्ही गेलो. बोट काठावर, शीड गुंडाळलेलं, आणि शेजारी भावोजी. वारा असा सुरेख होता की डोंबिवलीतल्या सगळ्या नऊवाऱ्या उडत असतील. सेक्रेटरींनाही राहवलं नाही. ते हळूच म्हणाले, "अहो, भाऊ आलाय ना? उतरा पाण्यात. अर्ज नंतर बघू. कोण बघतंय?"

"पिंप," भावोजी म्हणाले, आणि बोटीपासून दूर झाले.

बाकीच्या बोटी सुटल्या. त्याही निम्म्याच होत्या, कारण बऱ्याच क्रूंनी घरी बसणं पसंत केलं होतं. भावोजी हॉलकडे न जाता पायऱ्यांपाशी येऊन घुटमळले. आजोबा जरासे सरकले, एका माणसाची जागा झाली, आणि भावोजी जन्मात पहिल्यांदा त्या पायरीवर बसले. नाखव्यांच्या बायकोने भरपूर आलं घातलेला चहा त्यांच्या हातात दिला. "घ्या, गरम हाय." सोबत काहीतरी तळलेलं होतं, जे तुमचे आजोबा आमच्या घरी कधीच खात नसत. भावोजींनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"दादा, हा चहा आतल्यापेक्षा चांगला आहे."

"मग? मी काय उगाच बाहेर बसत होतो?"

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

दोघंही पहिली येणारी बोट बघत राहिले. ती भावोजींपेक्षा फार हळू होती, हे त्या दोघांना आणि मलाही कळत होतं.

पुढच्या सभेला भावोजी उभे राहिले आणि काही बोलायच्या आधी त्यांनी शर्यतीत करत तसा हात वर केला. खिडकीतून मला तो हातच दिसला. "मागच्या सभेत मी पिंपाला घासलो," ते म्हणाले. "कुणी पाहिलं नाही, म्हणून मीच सांगतो. क्रूला न विचारता मी क्रूसाठी नियम केला. मला पुन्हा फेरी मारू द्या." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ठरलं असं: ज्या क्रूला सभासद व्हायचंय त्याला मानाने घ्यायचं, ज्याला नाही त्याच्यापायी बोट अडवायची नाही, आणि चहा सगळ्यांनीच पायरीवर घ्यायचा. शेवटचं कलम सेक्रेटरींनी घातलं. त्यांनीही तो चहा चाखला होता.

त्यानंतर दोघं पुष्कळ वर्षं शर्यतीला गेले. मोठी शर्यत भावोजी कधीच जिंकले नाहीत. एकदा दुसरे आले, तेव्हाही वाटेत एक जास्तीची फेरी मारून. एका पावसाळ्यात ते गेले. आजोबांना सभासदत्व, बोट, सगळं काही देऊ केलं गेलं, पण ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. मी कारण विचारलं नाही. रविवारी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शुक्रवारी रात्री ताट वाढताना मात्र पुष्कळ दिवस माझा हात भातावर थांबायचा.

निनाद, सभासद व्हायचं की नाही हे तू ठरव. फक्त तुझ्या बोटवाल्याने आधी तुला विचारलं होतं का, ते मला कळव.

गेल्या महिन्यात मी तिकडे जाऊन आले. बोटी गेल्या, हॉलला कुलूप आहे, काठावर तिवरं पुढे सरकली आहेत. तीन पायऱ्या आहेत. भरतीला खालची पायरी भिजते, वरच्या दोन कोरड्या राहतात, आणि त्यांवर अजून बसता येतं.

तुमची,
आजी