गुळाच्या खात्यातली माणसं

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात सगळ्या पिशव्या कोंबलेल्या. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. कंपनीच्या किश्शांचं तसंच आहे. सातपूरच्या आमच्या कामगार वसाहतीत तीन म्हाताऱ्या पायरीवर बसल्या, की एकीने एक ओढायचा अवकाश! लिहिता येणाऱ्यांनी वह्यांत काय काय लिहून ठेवलं आणि वह्या रद्दीत घातल्या. मला लिहिता येत नाही, त्यामुळे माझं काहीच रद्दीत गेलं नाही.

तर आमच्या लेनमधले सगळे पुरुष एकाच कंपनीत. गाड्यांच्या ब्रेकला आतून जी पट्टी लागते, ती तिथे बनायची. आता कंपनी बंद झाली, त्या जागी गोदाम आहे. पण तेव्हा तिच्यात एक मिक्सिंग खातं होतं. तिथे पांढरी पावडर कालवायचे. पिंजलेल्या कापसासारखी उडायची ती. तिला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही आपलं पावडर म्हणायचो.

त्या खात्यातल्या माणसांना कंपनी दर आठवड्याला गुळाचा मोठा खडा द्यायची. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली जाते, असं साहेबसुद्धा सांगायचे. बाकी खात्यांना गूळ नाही. झालं! मिक्सिंग हे नाव कोणी घेईना. सगळे म्हणायचे, गुळाचं खातं.

\*

आमच्या लेनमधल्या एका पोराला मुलगी सांगून आली. मुलीचे वडील मनमाडचे, रेल्वेतले. त्यांना रेल्वेतलं एक स्थळही आलं होतं. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "पोरगं कोणत्या खात्यात?"

"गुळाच्या!"

म्हातारबाबांनी कप खाली ठेवला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "इथंच देऊ. रेल्वेत पास मिळतो, पण पास काय खाता येतो?"

\*

आमच्या शेजारी शेवंताबाई. तिचा नवरा रंगनाथ गुळाच्या खात्यात, आणि आमचे हे, म्हणजे अप्पा, पॅकिंगला. पट्ट्या मोजायच्या, खोक्यात भरायच्या. स्वच्छ काम. पण सणाला शेवंताच्या घरी पुरणात गूळ कंपनीचा, आणि माझ्या घरी दुकानचा! मला ते सहन होईना.

मी अप्पांना म्हटलं, "अहो, रंगनाथभाऊंच्या हाताला काय सोनं लागलंय? तुम्ही मागून बघा की बदली."

"तिथं धूळ लय असते."

"धूळ मी धुवीन. तुम्ही गूळ आणा."

असं मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

पंधरा दिवस मी रोज आमटी बेचव केली. सोळाव्या दिवशी अप्पा म्हणाले, "झाली बदली." आठवड्याने गूळ आला. पिवळाधमक, साखरेसारखा! मी वाटीत घालून शेवंताला दाखवून आले. पुढच्या आठवड्यापासून मात्र शेवंताकडे यायचा तसाच काळा, खडे निघणारा. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी जावयाचं कौतुक केलं वाटतं कंपनीने!"

अप्पांनी आमटीचा भुरका मारला.

\*

संध्याकाळी शिफ्ट सुटली की शेवंता दारात उभी राहून रंगनाथचे कपडे झटकायची. पांढरा ढग उठायचा. तिची पोरं त्या ढगात नाचायची, "बर्फ पडला, बर्फ पडला!"

माझ्याकडे ढग नाही. अप्पांचा शर्ट सकाळी जसा जाई तसाच परत येई. मी मिरवायचे, "आमचे हे कामाला टापटीप. तुझा रंगनाथ काय पावडरीत लोळतो का गं?"

शेवंता शर्ट झटकत म्हणायची, "भागाबाई, काम केलं की अंगाला लागतं. तुझा नवरा तिथं नुसता गूळ खायला जातो!"

\*

एका वर्षी कंपनीने गुळाच्या खात्याला कापडी मास्क वाटले. पांढरंशुभ्र, मऊ, दुहेरी कापड. दसरा चार दिवसांवर आलेला. रंगनाथने आपले सगळे मास्क घरी आणले आणि शेवंताने उसवून, जोडून त्यांत श्रीखंडाचा चक्का टांगला. असा चक्का पुन्हा झाला नाही!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले. घंटा वाजली, "मास्क लावा!" रंगनाथ सायकलवर घरी. शेवंताने चक्का पातेल्यात उलटा केला, कापड पिळलं, त्याच्या हातात दिलं. त्याने तसंच तोंडाला बांधलं.

साहेब जवळ आले, थांबले, नाक मुरडलं. "हा कसला वास?"

रंगनाथ म्हणाला, "साहेब, तुमचा मास्क लय चांगला आहे. पावडरीचा वास येतच नाय!"

साहेबांनी खूश होऊन आणखी एक डझन पाठवले. दिवाळीला पुन्हा श्रीखंड.

\*

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आणि रंगनाथला धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा शेवंताबरोबर मी आणि अप्पा होतो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते.

"तंबाखू किती वर्षं?"

"नाय खात."

"बिडी?"

"नाय."

"खरं सांगा बाबा. लपवू नका."

रंगनाथने आयुष्यात सुपारी चघळली नव्हती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो दम खात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचा कागद अडला असेल तर तसं सांगा. आज संध्याकाळपासून चालू करतो!"

आम्ही हसलो. डॉक्टरही हसले. काम काय करत होता, हे मात्र कोणी विचारलं नाही. होळीच्या आधी रंगनाथ गेला. कॅन्सर होता.

\*

गेल्या वर्षी आमच्या समाजमंदिरात एक डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या नातीएवढी पोर. जुन्या कामगारांच्या छात्या तपासायच्या, आणि कोण कुठल्या खात्यात होतं ते लिहायचं. म्हाताऱ्यांनी तिचं डोकं पिकवलं. एक म्हणे मिक्सिंग, दुसरा म्हणे शेड नंबर दोन, तिसरा म्हणे आमचं नाव मध्येच बदललं होतं. एवढा मोठा कागद, पण नुसती खाडाखोड.

मी म्हटलं, "बाई, खातं कशाला विचारता? एकच विचारा. गूळ मिळायचा का?"

ती हसली. म्हणाली, "आजी, गुळाचं काय मध्येच?"

मी सांगितलं. तिचं हसणं तिथंच थांबलं.

मग ती आणि मी घरोघर फिरलो. कोणाच्या घरी गूळ यायचा ते मला पाठ होतं. मी बोट दाखवायचे, ती खूण करायची. चहाची वेळ झाली तेव्हा आमच्या पायरीवर शेवंताशेजारी बसून तिने कागद मांडीवर पसरला. मला वाचता येत नाही, पण खुणा कळतात. ज्या घरात गूळ, त्या घरात धाप. त्या घरात छातीचं पाणी. त्या घरात फोटोला हार. सगळ्याच घरांत नाही, पण बिनगुळाच्या घरांपेक्षा किती तरी जास्त.

ती म्हणाली, "आजी, ही धूळ छातीत तीस-चाळीस वर्षं गप्प बसते, मग बोलते." आणि शेवंताला विचारलं, "कपडे कोण झटकायचं?"

शेवंताने हात वर केला. शाळेत करतात तसा.

मग तिने आमच्या दाराकडे बोट केलं. "आणि हे घर? इथे गूळ यायचा?"

"यायचा," मी म्हटलं. "मीच आणायला लावला."

\*

त्या दिवसापासून मी गुळाचा चहा सोडला. अप्पांना थंडीपासून खोकला होता. ते खोकले की मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायचे. छातीचा फोटो काढायला दवाखान्यात चला म्हटलं तर पहिल्या वेळी दिंडोरीला भाच्याकडे पळाले. काय तर म्हणे, द्राक्षांची छाटणी बघायची! छाटणी बघायला यांचा काय मळा आहे? दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दिलेलं दवाखान्याचं कार्ड हरवलं. ते मला तांदळाच्या डब्यात सापडलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मला काही झालेलं नाही, मला माहीत आहे."

"तुम्ही काय डॉक्टर?"

"नाही. पण माहीत आहे."

मला वाटलं, माणूस घाबरलाय. नवऱ्याला घाबरलेला बघणं वाईट. त्यातून आपणच पाठवलेला असला म्हणजे!

शेवटी मी म्हटलं, "तुमचं राहू द्या. पण शेवंताचाही फोटो आहे, तिला सोबत नको का? रंगनाथभाऊ असते तर तिला तुमच्या सोबतीची गरज तरी पडली असती का?"

अप्पांनी टोपी घातली.

\*

दवाखान्यात बाकावर आम्ही तिघं. मध्ये मी. आधी अप्पांचा फोटो झाला. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि आमच्या समोर स्टुलावर बसल्या.

"आजोबा, छाती स्वच्छ आहे तुमची. खोकला साधा आहे, औषध देते."

मी डोळ्यांना पदर लावला. ती मात्र कागदाकडेच बघत होती. "पण मिक्सिंगला इतकी वर्षं… एकूण किती होतात हो?"

अप्पा टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "एक दिवस."

"वर्षं विचारते मी, आजोबा."

"तेच सांगतोय. एक दिवस. जेवायच्या सुट्टीपर्यंतच. दुपारी साहेबांच्या पाया पडलो आणि पॅकिंगला परत गेलो."

मी त्यांच्याकडे वळले. "अहो, मग गूळ?"

"सातपूरच्या बाजारातला."

"इतकी वर्षं? दर आठवड्याला?"

"तू आमटी बेचव करायचीस."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर कागद धरला. शेवंता माझ्या पलीकडून वाकली. तिच्या हातात तिचं कार्ड होतं, पुढचा नंबर तिचाच. ती म्हणाली, "अप्पा, आमच्या ह्यांना हे ठाऊक होतं?"

अप्पांनी होय म्हणून मान हलवली. टोपीची घडी घातली, उलगडली.

"पहिल्या आठवड्याला मी एकटाच गेलो होतो. पुढच्या आठवड्यापासून तो बरोबर यायचा. दुकानात मी चांगला उचलला, की माझ्या हातातून काढून परत ठेवायचा. म्हणायचा, 'अप्पा, पिवळा नको घेऊ. वहिनीला कळेल. आमच्यासारखा काळा घे. खडेवाला.'"