फोरमननं सील केलेल्या सोनेरी पाट्या

अजून आठवलं तरी डोकं भणभणतं, म्हणून एका दमात लिहून टाकतो. चुका झाल्या तर होऊ देत.

कुवेतचं युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. मी आखातात, मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर. आमचं वेल्डिंग तपासायला एक अमेरिकन इन्स्पेक्टर यायचा. चहा नाही, कॉफी नाही, नुसतं पाणी. एकदा विचारलं, पोट बिघडलंय का? तर हसला. म्हणाला, मी मॉर्मन, आमच्या पंथात चालत नाही. आणि मग त्यानं आम्हा सगळ्यांना त्यांच्या ग्रंथाची गोष्ट सांगितली. काय गोष्ट आहे यार! अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याचा पोरगा, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. त्याला देवदूत दिसतो, टेकडीवर दगडी पेटीत पुरलेल्या सोन्याच्या पाट्या दाखवतो. पातळ पाट्या, तीन कड्यांत वहीसारख्या ओवलेल्या, वर कोरलेली जुनी अक्षरं. कुणाला दाखवायच्या नाहीत असं बजावतो. पोरानं त्यांचा अर्थ सांगितला, त्याचा ग्रंथ झाला, आणि पाट्या देवदूत परत घेऊन गेला.

तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्यांची प्रार्थनाही शुक्रवारीच असायची. तिथल्या पोरांना दाखवायला त्याला तशाच पाट्या हव्या होत्या. "करशील?" करशील म्हणजे काय! जेवणाच्या सुट्टीत बसून केल्या. उरलेला पत्रा कापला, पंचनं अक्षरं ठोकली, कड्या वळवल्या, सोनेरी स्प्रे मारला. पानं उलटली की खळखळ वाजायची. भारी!

बुधवारी त्या पाट्या आमच्या फोरमनच्या नजरेला पडल्या. आपलाच माणूस, पुण्याकडचा. अमेरिकन समोर असला की "येस सर, येस सर", त्याची पाठ वळली की सुरू. चहाच्या वेळी डोक्यावर टॉवेल घेतला आणि माझ्या पाट्या छातीशी धरून नाचायला लागला. "बघू नका रे, देवदूत रागावेल! आणि आता कुठायत? तर म्हणे नेल्या परत! अरे, थाप मारायची तर जरा बरी मारा!"

सगळे खिदळले. मी म्हटलं, "सर, राहू द्या ना. त्याची श्रद्धा आहे."

"तुला बरी झोंबली रे! बरोबर आहे म्हणा, तुमचं पण दुकान कालपरवाचंच."

दुकान! माझी माय लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती. परत आले तर गावानं घरात राहू दिलं नाही. आणि हा दुकान म्हणतो!

"सर," मी म्हटलं, "जुनं दुकान आम्हाला आत घेत नव्हतं."



गुरुवारी सकाळी बघतो तर पाट्यांना चारही बाजूंनी वेल्डिंगचे टॅक मारून पानं एकमेकांना चिकटवलेली. पार ठोकळा. सोनेरी रंग जळून काळा. फोरमन लांबूनच ओरडला, "देवदूताची ऑर्डर आली रे! सील कर म्हणाला!"

दुपारी इन्स्पेक्टर आला. मी ठोकळा पुढे केला, सगळं सांगितलं. त्यानं तो उलटापालटा करून बघितला आणि हसला! "खऱ्या पाट्यांचा पण काही भाग सीलबंद होता. उघडायची परवानगीच नव्हती. असू दे, पोरांना आवडेल."

मी ओरडलोच. "असू दे काय? त्यानं तुमची टिंगल केलीय!"

"आमची पहिल्यापासून होते. माझ्या पणजोबांना तर गावातून हाकललं होतं."

"माझ्या आजोबांना पण! म्हणूनच सांगतोय! तुमच्या पाट्या देवानं सील केल्या असतील साहेब. या फोरमननं केल्यात. द्या इकडे."

ठोकळा घेऊन सरळ फोरमनच्या टेबलासमोर गेलो आणि तिथल्याच शिकंज्यात आवळला.

"अरे, मस्करी होती," तो म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतोस? खलास आता. यल्ला, कामाला लाग."

"तेच करतोय."

गॉगल चढवला, ग्राइंडर सुरू केला. तो पुढेही काहीतरी बोलत होता. तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ठिणग्या त्याच्या टेबलाकडे उडत होत्या, तरी मी वळलो नाही. शेवटी तोच खुर्ची मागे सरकवून उठला, आणि पहिलं पान सुटलं.