विनूचा अपघात आणि गफूरचाचा

विनूचा पाय गफूरचाचांमुळं मोडला नाही. माझ्यामुळं मोडला.

आज सकाळी गफूरचाचा गेले.

लातूरला औसा रोडवर त्यांचं व्हील अलाइनमेंटचं छोटं गॅरेज होतं. मूळचे देगलूरचे. मराठी, दखनी आणि तेलुगू एकाच वाक्यात बोलायचे.

भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. बाबांकडं गोल हेडलाईटची जुनी कार होती. बाबांना त्या गोंधळात गाडी चालवणं जमेना, म्हणून चाचांनीच चावी घेतली. चार दिवस त्या गाडीतनं किल्लारीकडची जखमी माणसं लातूरच्या दवाखान्यात आणली.

दगडमातीतनं जाऊन जाऊन गाडीचा पुढचा भाग वाकला. तोही त्यांनीच सरळ केला.
त्यानंतर त्या गाडीच्या पुढच्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

मग लातूर क्लासेसचं गाव झालं आणि मी फिजिक्सचा सर झालो. फ्लेक्सवर फोटो, रस्त्यात पालक थांबवून नमस्कार करायचे. डोक्यात हवा गेली होती, खोटं कशाला बोलू.

विनू माझा धाकटा भाऊ. त्याला वेगाचं वेड. बाबांच्या गाडीचं इंजिन त्यानं नव्यानं बांधलं आणि जुन्या गाड्यांच्या ड्रॅग रेसला नाव दिलं. हैदराबादकडच्या एका बंद धावपट्टीवर. सरळ पाव मैल, दोन गाड्या, आधी पोचेल तो जिंकला.

अलाइनमेंट अर्थातच चाचांकडं.

कम्प्युटर वगैरे काही नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणली, विनूला सीटवर बसवलं आणि पट्टीनं माप घेतलं. मग जॅकनं गाडीचं नाक थोडं उचलून परत माप.

मी बाजूला उभा होतो. म्हटलं, "चाचा, चाकं आत वळलेली दिसतात. टायर घासतील, स्पीड जाईल."

"सर, गाडी सुटती तवा नाक वर उठतंय. नाक उठलं की ही चाकं भायेर फाकतेत. म्हणून उभ्या गाडीला जराशी आत ठिवायची. पळताना बराबर सरळ होतेत."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, यांना घर्षण काय कळणार.

रेसच्या दिवशी चाचांच्या नातीचं लग्न होतं, ते आले नाहीत.

पहिली धाव सुतासारखी सरळ गेली. पण विनू अर्ध्या गाडीनं मागं पडला. दुसरी धाव दुपारी होती.

मी पाना घेतला आणि गाडीखाली गेलो. चाकांना जोडलेले टाय रॉड फिरवून दोन्ही चाकं एकदम सरळ केली. उभ्या गाडीला.

विनू म्हणाला, "दादा, चाचांना एक फोन करू का?"

"कशाला? हे फिजिक्स आहे, विनू."

गाडी सुटली. नाक उचललं. आणि ती दारू प्यायल्यासारखी डावी-उजवीकडं जायला लागली. विनूनं एकदा सावरली, दोनदा सावरली. मग ती पट्टी सोडून खाली गेली आणि आडवी झाली.

उजवा पाय. दोन ठिकाणी.

दवाखान्यात कुणीतरी विचारलं, "अलाइनमेंट कुणी केलं होतं?"

मी म्हणालो, "गफूरचाचांनी."

वाक्य खरं होतं. त्याच्या आड मी इतकी वर्षं लपलो.

शिवाय लातूरच्या कारवाल्यांच्या ग्रुपवर पोस्टही टाकली. 'जुन्या पद्धतीच्या अलाइनमेंटवर विसंबू नका.' नाव घातलं नव्हतं. गरज नव्हती, सगळ्यांना कळलं.

तिसऱ्या दिवशी चाचा दवाखान्यात आले. येण्याआधी मोडलेली गाडी बघून आले होते. मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"सर, रॉडचे आटे ताजे फिरलेत."

मी 'हो' अशी मान हलवली.

"विनूला ठावं हाय का, रॉड फिरवल्यानंच हे झालं म्हून?"

"नाही," मी म्हणालो. चाचांचं मूळ मापच चुकलं, मी ते थोडं सुधारलं, एवढंच त्याला वाटत होतं.

त्यांनी विनूच्या खोलीकडं बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आत्ता नका सांगू त्याला. भाऊ हाव तुमी त्याचे, त्याला तुमची गरज हाय."

ते "आत्ता" म्हणाले होते. मी "कधीच" असं ऐकलं.

हळूहळू त्यांच्याकडं गाड्या येईनाशा झाल्या. मी क्लासला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो. तरी एकदा दिसलेच. रिकाम्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी हात वर केला. मी फोन कानाला लावला.

मागच्या महिन्यात ते आजारी आहेत कळलं, तेव्हा घरी गेलो. सगळं ठरवून गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "थंडीत विनूचा पाय दुखतो का हो?"

चहा पिऊन परत आलो.

आज सकाळी बातमी सांगायला विनूचाच नांदेडहून फोन. म्हणाला, "दादा, मी चाचांना कधीच माफ केलं होतं रे. त्यांना तसं सांगायला पाहिजे होतं."

मग मी त्याला सांगितलं. चाचांचं माप बरोबर होतं, मी रॉड फिरवला म्हणूनच गाडी भरकटली, सगळं.

त्यानं मग विचारलं, "चाचांना माहीत होतं?"

"हो."

फोन कट.

दुपारी तो कब्रस्तानात आला. लंगडत चाचांना खांदा दिला. मूठभर माती टाकली. मी फाटकाजवळच होतो, पुढं जायची हिंमत झाली नाही.

जाताना माझ्यासमोर थांबला.
"ती पोस्ट तू टाकली होतीस. आता ही खरी पण तूच टाक. सगळ्यांना दिसू दे."

टाकतोय.

गफूरचाचा, तुम्ही हयात असताना हे लिहायला हवं होतं. तुमच्या घरच्यांची आज हात जोडून माफी मागतो.

अल्ला तुम्हाला जन्नत नसीब करो.