फोन ठेवण्याआधीचं बोलणं

ज्योत्स्नाबाई निपाणीच्या कॉलेजात एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतात. शिकवून शिकवून जीव आंबलाय बघा त्यांचा. त्यात यंदा नवाच पेपर गळ्यात पडला, बोलण्याची रचना. सुरुवात कोण करतं, बोलायची पाळी कशी फिरते, बोलणं आवरतं कसं. बाईंनी सांगितलं, माणूस खरं काम सुरुवातीला काढत नाही. फोन ठेवायची वेळ आली की काढतो. पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि जांभया दिल्या.

नमुना हवा म्हणून बाईंनी आपलाच फोन वर्गात ऐकवला. पलीकडं आई, तानीबाई. विड्या वळून तिनं लेकीला शिकवलं, आता सदलग्यात एकटी राहते. रविवारचं बोलणं तिला सांगूनच रेकॉर्ड केलेलं. जेवण झालं काय, झालं. गुडघा कसा हाय, हाय तसाच. बाई फळ्यावर खुणा करत होत्या, प्रश्न, उत्तर, परत प्रश्न. सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम.

मागल्या बाकावरची दिपाली उठली. एरवी तोंड न उघडणारी पोरगी. शेवट पुन्हा लावा म्हणाली. बाईंनी लावला. त्यांचाच दमलेला आवाज, बरं, ठेवू? त्यावर आईचं, आणि काय म्हणतीस? परत ठेवू, परत आणि काय मग. असं तीनदा. तिसऱ्यांदा बाईंनी फोन ठेवूनच टाकला होता.

"म्याडम, त्यास्नी कायतरी सांगायचं हुतं," दिपाली म्हणाली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर रविवारी हेच व्हायचं आणि त्यांना वाटायचं, म्हातारीचं चऱ्हाट संपत नाही. जगाचं बोलणं तपासणाऱ्या बाईला घरचं कळू नये, काय म्हणावं आता!

तास संपला तसा त्यांनी व्हरांड्यातूनच फोन लावला. आज रविवार न्हाय म्हणून आई आधी घाबरली. मग जेवण झालं, गुडघा झाला, आणि आई म्हणाली, आणि काय म्हणतीस? या खेपेला बाईंनी ठेवू म्हटलं नाही. थांबून राहिल्या.

मग तानीबाई बोलल्या.

"मला आता एकटीला ऱ्हाववत न्हाय गं. तुज्याकडं येऊ काय? दोन वरसं झाली, इचारावं म्हणतेय. तवर तू ठेवतीस."

 कापडं भरून ठेव, संध्याकाळच्या गाडीनं न्यायला येते, एवढंच बाई म्हणाल्या.

"बरं. ठेवते मग," तानीबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा फोन आईनं ठेवला.