गोष्टीत उगाच काही येत नाही

चाळिशी उलटल्यावर तुम्हाला कुणी गृहपाठ दिलाय का? आम्हाला रोज मिळतो! खोपोलीच्या एका शाळेत सकाळी सात वाजता नववीच्या वर्गात आम्ही दहा-बारा बायका बसतो. बारावीला बाहेरून बसणार आहोत, कला शाखेतून. बाक लहान, आम्ही मोठ्या. अशा ठिकाणी किस्से साचायला वेळ लागत नाही. भांडी घासताना एक आठवला की त्याच्यामागून दुसरा येतो आणि घरचे विचारतात, "एकटीच काय हसतेस?"

शिकवतात प्रज्ञा मिस. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्याच शाळेत तासिकेवर आहेत, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढाच पगार. आमचा वर्ग मात्र त्या फुकट घेतात.

* * *

त्या दिवशी मिस म्हणाल्या, "गोष्टीत पुढे जे घडणार असतं ते लेखक आधीच हळूच दाखवून ठेवतो. त्याला म्हणतात पूर्वसूचना. गोष्टीत उगाच काही येत नाही. सांगा बघू एखादं उदाहरण."

इथेच शिळफाट्यावर ब्लाउज शिवणारी लता ताडकन उभी राहिली. "सीरियलमध्ये सुनेच्या हातून ताट पडलं की तिच्या नवऱ्याचा अॅक्सिडेंट!"

"अगदी बरोबर!"

मागून सुनंदा म्हणाली, "आमच्याकडं ताट रोजच पडतं मिस. मांजर हाय."

* * *

ही सुनंदा डोंगराखालच्या गावातून येते. अंगणवाडीत मदतनीस आहे. बारावी झाली तर तिला सेविका होता येईल. मागच्या वेळी घरीच अभ्यास करून परीक्षेला बसली आणि मराठीतच राहिली. तेव्हापासून ती मिसचा एक शब्द खाली पडू देत नाही, पण पटल्याशिवाय घेतही नाही.

मिस प्रतीक शिकवत होत्या. एक बाई वर्षानुवर्षं बंद खिडकीच्या घरात राहते आणि शेवटी एका संध्याकाळी ती खिडकी उघडते, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. "तर खिडकी कशाचं प्रतीक?"

सगळ्यांनी वहीत डोकं घातलं. मिसनीच सांगितलं, "मोकळेपणाचं."

सुनंदा म्हणाली, "संध्याकाळी उघडली ना? मग डास येनार. ती बाई आजारी पडनार मिस."

"अहो, गोष्ट संपली तिथे!"

"गोष्ट संपली म्हनून डास थांबतात का?"

* * *

मग गृहपाठ मिळाला. आपल्या घरातलं एखादं प्रतीक शोधून आणा.

लताने सरळ नवऱ्याला विचारलं, "मी आपल्या घरात कशासारखी?" तो म्हणाला, "फ्रिज." लताने अबोला धरला. शेवटी तो बिचारा म्हणाला, "अगं, तो बंद पडला की घरातलं सगळं नासतं, म्हणून म्हटलं!"

मिसना ते इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

सुनंदाने वाचलं आणि म्हणाली, "नंतर सुचलंय गं त्याला."

* * *

हसण्यावारी गेलं खरं, पण पूर्वसूचनेच्या त्या धड्यामुळे मला स्वस्थ बसवेना. दूध उतू गेलं, मला धसका. मुलीचा फोन वाजून बंद झाला, मला धसका. एकदा यजमान कंपनीतून लवकर आले. मी दारातच विचारलं, "काय झालं?"

"भूक लागली."

जेवायला वाढलं, पण माझा जीव काही भांड्यात पडेना. कंपनीत काही बिनसलं असेल, सांगत नसतील. पुन्हा विचारलं, "आणखी काही आहे का?"

"आहे. मीठ कमी."

* * *

दिवाळीनंतर मात्र खरीच चिन्हं दिसू लागली. मिस दोन-दोन धडे एका सकाळी उरकायच्या. फोन आला की व्हरांड्यात जायच्या. एकदा त्यांनी सहज विचारलं, "मी नसले तर वर्गाची किल्ली कोण आणेल?"

लता कुजबुजली, "उगाच काही येत नाही हं."

शेवटी सुनंदाने विचारून टाकलं. मिसनी खडू खाली ठेवला. पनवेलच्या मोठ्या शाळेत त्यांना कायमची नोकरी मिळत होती. लगेच हजर व्हायचं होतं, आणि सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. "मी मार्चपर्यंत थांबू का म्हणून विचारलं, तर ते हो-नाही करतायत. आणि आई म्हणते, त्या बायकांपायी हातचं घालवू नकोस. तिचंही चुकत नाही."

तास संपला. बाहेर पडल्यावर सुनंदाने माझा हात धरला. "वैनी, मी पुन्यांदा एकटी नाय बसनार."

* * *

रविवारी दुपारी आम्ही दोघी चांगल्या साड्या नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन मोहोपाड्याला मिसच्या घरी गेलो. मिस बाहेर गेल्या होत्या. त्यांच्या आईने दार उघडलं. "जयभीम" झालं. आईंनी आमच्या साड्या पाहिल्या, पेढे पाहिले आणि पंखा मोठा केला.

"मुलगा काय करतो?" त्यांनी सुनंदाला विचारलं.

"माझा? हितंच रसायनीत कंपनीत हाय. टेंपरवारी."

"शेती?"

"हाय थोडी, भाताची."

"व्यसन?"

"नाय बा! चहा लय पितो."

आई आत गेल्या आणि वर खोबरं पेरलेले पोहे घेऊन आल्या. मी घास घेतला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुनंदाला खुणावलं, पण ती लिंबू पिळत होती.

तेवढ्यात मिस दारात. "सुनंदाताई! तुम्ही इथे?"

मिसनी आम्ही कोण ते सांगितलं. आईंचा चेहरा उतरला. "म्हंजे तुमी पोरगी मागायला नाय आलात?"

सुनंदाने हातातली प्लेट तशीच धरली. "पोरगी मागायलाच आलोय. पर परीक्षेपर्यंतच."

मिस हसल्या. आई हसल्या नाहीत. "तिला चांगलं मिळतंय, ते तुमच्यासाठी सोडायचं का?"

 सुनंदा म्हणाली, "ते मी कसं सांगू? मला फकस्त मागता येतंय."

"एवढं काय शिकवते गं ही तुमाला?"

"गोष्ट वाचायला."

"ते शिकावं लागतं?"

सुनंदाने मान डोलावली. आईंनी रिकाम्या प्लेटा उचलल्या आणि म्हणाल्या, "बघू."

एसटीत मी चुळबुळत होते. "बघू म्हणाल्या म्हणजे काय गं?"

"गप बसा वैनी. उद्या सोमवारच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मिसची स्कूटी शाळेच्या फाटकातून आत आली. मागे त्यांच्या आई बसल्या होत्या. त्या आमच्याबरोबर वर्गात आल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि मिसना म्हणाल्या, "हं. शिकव."